नाड्यात पिस्तूल खोचू नका!

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शस्त्रपरवानाधारक बंधू-भगिनींनो,

तुळशीचे लग्न लागले की आपल्या वऱ्हाडात दोन हंगाम एकदम सुरू होतात. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. दोन्हीकडे गर्दी असते, दोन्हीकडे रोकड असते, आणि दोन्हीकडे नेहरू शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावलेली माणसे असतात. सराफ, जिनिंगवाले, पेट्रोल पंपाचे मालक, कंत्राटदार, पुढारी आणि पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणारे रक्षक. परवाना खरा असतो, पिस्तूल सरकारी कारखान्यातले असते आणि त्याची किंमत लाखाच्या घरात असते. पण ते अडकवलेले कशात असते? पायजम्याच्या नाड्यात. नाही तर बाजारातून उचललेल्या मऊ कापडी पाउचात, ज्यात पिस्तुलाऐवजी मोबाइल ठेवला तरी तो पडेल.

म्हणून ही विनंती, आणि ती तातडीची आहे. चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर आणि ते पेलणारा जाड पट्टा या दोन वस्तू तुमच्याकडे नसतील, तर आजपासून पिस्तूल कमरेला लावू नका. मॅगझिन काढा, चेंबर रिकामे करा आणि हत्यार घरच्या तिजोरीत कुलपात ठेवा. होल्स्टर आणून, घरी नीट पारखून झाले की मगच ते कमरेला लावून उंबरठा ओलांडा.

परवाना कुणाला द्यावा आणि कुणाला देऊ नये, हा आजचा विषय नाही. ज्यांच्याकडे तो रीतसर आहे, त्यांच्या मांडीत आणि पंगतीत शेजारी बसलेल्या लेकराच्या अंगात गोळी जाऊ नये, एवढ्यापुरतेच हे लिहिले आहे.

घसरलेले पिस्तूल हात पकडतोच

प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याने शेवटच्या क्षणी झेललेल्या चेंडूवर न्यूयॉर्क जायंट्स संघाने सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तो मॅनहॅटनमधल्या एका नाइट क्लबमध्ये गेला. अंगात सैल, इलॅस्टिकची पँट होती आणि तिच्या कमरेत ग्लॉक पिस्तूल नुसतेच खोचलेले होते. होल्स्टर नव्हते. पिस्तूल पायावरून खाली घसरू लागले, त्याने झटक्यात ते पकडले, बोट चापावर पडले आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत शिरली. पुढे बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला २ वर्षांची शिक्षा झाली. झेल घेण्यात जगात नाव कमावलेल्या हातांची ही गत झाली. इलॅस्टिकची पँट आणि नाड्याचा पायजमा यांत या बाबतीत काडीचा फरक नाही.

आपल्याकडचे ताजे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून सुटले, गोळी उडाली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. त्या वेळी रिव्हॉल्वर कमरेला नव्हते, तरी प्रश्न तोच आहे. भरलेले हत्यार उघडेच्या उघडे हातात फिरत होते.

तिसरी घटना ८ डिसेंबर २०२३ ची, उत्तर प्रदेशातल्या अलीगढची. एक महिला पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात आली होती. समोर उभ्या असलेल्या उपनिरीक्षकाच्या हातात पिस्तूल दिले गेले, त्याने ते हाताळले आणि गोळी तिच्या डोक्यात गेली. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तो माणूस रोज हत्यार वापरणारा, प्रशिक्षण घेतलेला पोलीस होता.

या तिन्ही घटनांत कुणी कुणावर नेम धरला नव्हता. पिस्तुलाचे अपघात बहुतेक वेळा तीन क्षणी होतात: ते घसरत असताना पकडताना, पुन्हा खोचताना, आणि रिकामे आहे असे समजून हाताळताना. चांगले होल्स्टर पहिल्या दोन क्षणांचा बंदोबस्त करते. तिसऱ्याचा बंदोबस्त तुमच्या सवयीनेच होतो.

कायदा काय म्हणतो

बरेच परवानाधारक समजतात की होल्स्टर ही हौसेची गोष्ट आहे. तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम ३२ वाचा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचे असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत असले पाहिजे. ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि त्यावर बाळगणाऱ्याचा पुरता ताबा असला पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजायला आणि उडवायला त्याच नियमात बंदी आहे. हे मोडले तर परवाना रद्द होऊन शस्त्र जप्त होऊ शकते.

म्हणजे नाड्यात खोचलेले पिस्तूल धोक्याचे तर आहेच, नियमबाह्यही आहे. आणि मूठ मुद्दाम दिसावी म्हणून नेहरू शर्ट वर सरकवून बसणाऱ्यांनी ‘पूर्ण झाकलेले’ हे दोन शब्द पुन्हा वाचावेत.

ताब्याचेही तसेच. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे, परवान्याचे असल्याचे तपासात पुढे आले. हत्यार तुमच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याकडे, यातून काय होऊ शकते ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून देवदर्शनाला जाणे, ‘जरा धर रे’ म्हणून भाच्याच्या हातात देणे, फोटोपुरते मित्राच्या कमरेला लावणे, हे सगळे त्याच वाटेवरचे आहे.

वरातीत हवेत गोळ्या उडवणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने वेगळे कलमच आणले. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी किंवा आनंदाच्या भरात केलेला गोळीबार झाला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याखेरीज सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आपल्याकडे वरचेवर लागते आणि शस्त्र घेऊन फिरायला मनाई होते. अमरावती शहरात पोलीस आयुक्तांचा आणि अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कधीपासून कधीपर्यंत आहे, ते घराबाहेर पडण्याआधी पाहून घ्या. तुम्हाला सूट आहे की नाही, हे स्वतःच ठरवू नका. पोलीस ठाण्यात विचारा.

स्वस्त घ्या, पण हे पाहून घ्या

पँटच्या आत, पट्ट्याला अडकवायच्या होल्स्टरबद्दल बोलू. सदऱ्याखाली पिस्तूल पूर्ण झाकायचे तर हाच प्रकार सोयीचा. लाखाच्या हत्याराला परदेशी, महागडेच होल्स्टर हवे असे अजिबात नाही. पिस्तुलाच्या किमतीच्या शंभरातले दोन-तीन हिस्से खर्च केले तरी काम होते. मात्र पुढच्या पाच गोष्टींत तडजोड करू नका.

एक, चाप. होल्स्टरने चाप आणि त्याभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकली पाहिजे. आणि झाकणारा भाग इतका ताठ हवा की बाहेरून बोटाने दाबले तरी आतला चाप हलता कामा नये. हे रिकाम्या पिस्तुलावर करून पाहा. बाहेरून चापाचा आकार बोटाला लागत असेल, तर ते होल्स्टर दुकानातच ठेवून या. बाकी चारही गोष्टी याच्या नंतरच्या.

दोन, तोंड. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहिले पाहिजे. मऊ कापडी पाउच पोटाच्या दाबाने चपटे होते. मग ते उघडण्यासाठी आपण पिस्तुलाच्या नळीने चाचपडतो, आणि भरलेल्या पिस्तुलाची नळी त्या वेळी आपल्याच पोटाकडे असते. तोंडाला आतून पट्टी किंवा जाड चामड्याची कड असलेलेच घ्या.

तीन, पकड. पिस्तूल रिकामे करा, होल्स्टरमध्ये बसवा, गादीवर उलटे धरा आणि हलवा. पडले तर होल्स्टर नापास. पकड एवढी हवी की पळताना, वाकताना ते जागचे हलणार नाही आणि एका हाताने सरळ ओढले की निघेल.

चार, क्लिप. होल्स्टर पट्ट्याला धरून ठेवणारी क्लिप पट्ट्याच्या खालून वळसा घालून अडकणारी हवी. पातळ पत्र्याची क्लिप वरच्या वर निसटते. मग पिस्तूल काढायला जावे तर होल्स्टरसकट हातात येते, आणि चाप झाकलेला राहिला तरी गडबडीत काय होईल त्याचा भरवसा नाही.

पाच, माप. ‘सगळ्या पिस्तुलांना बसते’ असे लिहिलेले होल्स्टर कुठल्याच पिस्तुलाला नीट बसत नाही. आपल्याकडे परवान्यावर बहुतांशी .३२ बोअरची हत्यारे असतात: ईशापूरचे किंवा कानपूरचे पिस्तूल, कानपूरचे रिव्हॉल्वर, २०१४ साली मुख्यतः महिलांसाठी म्हणून आलेले ‘निर्भीक’. रिव्हॉल्वरचा फुगीर दंडगोल पिस्तुलाच्या चपट्या होल्स्टरमध्ये कोंबू नका. आपल्या मॉडेलचे नाव सांगून घ्या.

आता प्रकारांचे. नायलॉन सर्वांत स्वस्त, काही शे रुपयांत मिळते. पण त्यातले बहुतेक चाप आणि तोंड या दोन परीक्षांतच गळतात. चामड्याचे मध्यम किमतीचे असते, अंगाला टोचत नाही, आणि जाड चामड्याचे नीट शिवलेले असेल तर वर्षानुवर्षे टिकते. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचे जरा महाग पडते, पण चाप सर्वांत चांगला तेच झाकते, घामाने मऊ पडत नाही आणि धुताही येते. ऐपत असेल तर कायडेक्स, नसेल तर जाड चामडे. पोटावर बांधायचे इलॅस्टिकचे रुंद पट्टे मिळतात, तेही चापावर कडक कवच असल्याशिवाय घेऊ नका.

चामड्याचे होल्स्टर ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि चांगली आहे. पण पिस्तूल घेऊन त्याच्या दुकानात जाऊ नका. हत्यार त्याच्या हाती सोपवणे परवान्यात बसत नाही आणि रस्त्यावरच्या टपरीत ते उघडणे शहाणपणाचे नाही. रिकाम्या पिस्तुलाचा आकार घरी जाड पुठ्ठ्यावर उतरवा, जाडी मोजून लिहा, सुताराकडून त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्या आणि तो कारागिराला द्या. होल्स्टर ठोकळ्यावर ओले करून बसवले की आकार धरते. शेवटचे माप परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या देखत तपासा.

आणि पट्टा. भरलेल्या पिस्तुलाचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते. लग्नात मिळालेला चकचकीत, कागदासारखा पातळ पट्टा ते पेलू शकत नाही. तो वाकतो, होल्स्टर बाहेर झुकते आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी कमरेला हात लावून ते सावरता. हा सारखा जाणारा हातच चोराला सांगतो की हत्यार कुठे आहे. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, शिलाई भक्कम असलेला पट्टा घ्या. नेहरू शर्ट-पायजमाच घालायचा असेल तर पट्ट्याचे बंद असलेला पायजमा शिवून घ्या, नाही तर त्या दिवशी पिस्तूल घरी ठेवा. नाडा आणि पिस्तूल एकत्र नकोत.

कुठे लावायचे

पोटाच्या समोर लावण्याची फॅशन सिनेमातून आली. तिथे लावलेल्या पिस्तुलाची नळी बसल्यावर जांघेकडे रोखलेली असते, आणि जांघेतून मांडीत उतरणारी मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. पाठीच्या मधोमध लावले तर मोटारसायकलवरून पडताना ते मणक्यावर आदळते. उजव्या हाताच्या माणसाने ते उजव्या कुशीवर, कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावावे. तिथे नळी जमिनीकडे राहते आणि सदऱ्याखाली उठूनही दिसत नाही.

घरची परीक्षा

नवे होल्स्टर आले की लगेच मिरवू नका. पिस्तूल रिकामे करा. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटला तर चेंबरमध्ये पुन्हा गोळी चढते. चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून चाचपा. रिव्हॉल्वर असेल तर दंडगोल उघडून सगळी घरे मोकळी आहेत का ते बघा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मग रिकामे पिस्तूल कमरेला लावून घरातच रोजची कामे करा.

पंगतीला बसतो तशी मांडी घालून जेवा. अंबादेवीच्या किंवा राजराजेश्वराच्या दारात चप्पल काढायला वाकतो तसे वाका. खुर्चीत रेला, गाडीचा सीटबेल्ट लावा, दुचाकीवर बसून अंगणातल्या अंगणात चक्कर मारा, जिना चढा-उतरा. शौचालयातही हे करून पाहा, कारण उकिडवे बसताना पट्टा ढिला होतो आणि हत्यार नेमके तिथेच पडते. तिथे जाताना ते होल्स्टरसकट काढून समोर नजरेपुढे ठेवायचे की अंगावरच राहते, हे आधी ठरवून घ्या. खिळ्याला टांगू नका. तिथेच विसरून निघून जाल.

या परीक्षेत कुठेही हात आपोआप कमरेकडे गेला, तर होल्स्टर, पट्टा किंवा जागा, यांतले काहीतरी चुकले आहे. ते बदला.

लावताना आणि काढताना

होल्स्टर घरीच लावा आणि घरीच काढा. कार्यालयात, गाडीत, पानटपरीवर पिस्तूल होल्स्टरबाहेर काढायचे काही कारण नाही. काढावेच लागले तर होल्स्टरसकट काढा.

पुन्हा आत घालताना घाई नको. बोट चापापासून लांब, स्लाइडला लागून सरळ. सदरा दुसऱ्या हाताने पूर्ण वर, आणि डोळे होल्स्टरच्या तोंडाकडे. शर्टाचे टोक, दुपट्ट्याची किनार, जॅकेटच्या दोरीची गाठ, यांतले काहीही कडीत अडकले आणि वरून दाबले तर तेच बोटाचे काम करते. जुन्या होल्स्टरचे मऊ पडलेले चामडे आत दुमडून चापावर दाबते, हाही एक ठरलेला अपघात आहे. वडिलांच्या काळातले होल्स्टर आठवण म्हणून जपा, वापरू नका. दुमडलेले तोंड दिसले तर ते कापून दोन तुकडे करा, म्हणजे घरात दुसरे कुणी ते उचलणार नाही.

पिस्तूल असेल तर चेंबर रिकामे ठेवूनच बाळगा. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरचा घोडा काडतुसावरच टेकलेला असतो आणि तो पडला तर गोळी उडू शकते. म्हणून घोड्याखालचे घर मोकळे ठेवा आणि वर्षातून एकदा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून त्याची तपासणी करून घ्या. घोड्याचे किंवा खटक्याचे काही झिजले असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ते कपाटाबाहेर काढू नका.

परवान्याच्या वेळी हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आपण जोडतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवीन अशी हमीही लिहून देतो. पुष्कळांचे त्या दिवसानंतर हत्याराकडे लक्ष जात नाही, ते थेट दसऱ्याच्या शस्त्रपूजेला. हळदीकुंकू जरूर वाहा, पण आधी चेंबर तपासा. ज्या अमरावतीत १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे आणि जिथल्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपले देशी व्यायाम करून दाखवले, तिथे हत्याराआधी शिस्त हे नव्याने सांगायला लागू नये.

वऱ्हाडाचे ऊन

परदेशी होल्स्टरच्या जाहिरातीत आपला मे महिना नसतो. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अमरावती फार मागे नसते. कमरेला घामाची धार लागते. पिस्तूल आणि अंग यांच्या मध्ये होल्स्टरचा वर आलेला पडदा हवा, म्हणजे घाम थेट लोखंडाला लागत नाही. रोज रात्री हत्यार रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ते मुक्कामाला ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. काडतुसे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. चामडे उन्हाळ्यात मऊ पडते, म्हणून पाडव्याला आणि पोळ्याला, वर्षातून दोनदा, चापाची परीक्षा पुन्हा घ्या.

इतरांनाही सांगणे आहे

मंगल कार्यालयाच्या मालकांनो, दारात एक पाटी लावा: ‘शस्त्र घेऊन आत येऊ नये. वरातीत गोळीबार केल्यास पोलिसांना कळवले जाईल.’ बँडवाल्यांनो आणि डीजेवाल्यांनो, कुणी हत्यार बाहेर काढले तर वाजवणे बंद करा. गाणे थांबले की सगळी वरात त्याच्याकडे पाहते. फोटोग्राफर मंडळींनो, हातात पिस्तूल घेऊन रील काढून द्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

रक्षक ठेवणाऱ्या मालकांनो, तुमच्या माणसाच्या कमरेचे होल्स्टर आणि पट्टा यांचा खर्च तुम्ही करा. तुटपुंज्या पगारातून तो शंभराचे पाउचच आणणार, आणि ते पाउच दिवसभर तुमच्याच शेजारी उभे असणार.

घरच्या बायकांनो आणि जाणत्या मुलांनो, बाबा किंवा भाऊ नाड्यात पिस्तूल खोचून निघाले तर दारात अडवा. घरात लहान मूल असेल तर हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवायला लावा. उशीखाली, धान्याच्या कोठीत, देवघराच्या मागे पिस्तूल ठेवण्याची जागा नाही.

आणि ज्यांच्या कमरेला राज्याच्या सीमेपलीकडून आलेला देशी कट्टा आहे, त्यांच्यासाठी कुठलेच होल्स्टर नाही. त्या नळीचा भरवसा बनवणाराही देत नाही. ती हातात फुटते किंवा पडताच उडते, आणि नाही फुटली तरी तुरुंग ठरलेला आहे. वकिलाचा सल्ला घ्या आणि ते पोलिसांकडे जमा करा.

गोळी सुटलीच तर

पहिले काम रक्त थांबवणे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबा आणि मदत येईपर्यंत उचलून पाहू नका. हाताला किंवा पायाला लागले असेल आणि रक्त उसळत असेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा करकचून आवळा आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवा. गोळी शोधायला जखमेत बोट घालू नका, हळद किंवा चहापत्ती भरू नका. १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा. गोळीची जखम पोलिसांना कळवावी लागतेच, म्हणून लपवण्यात वेळ घालवू नका. ११२ ला खरे काय ते सांगा. हत्यार जिथे पडले तिथेच राहू द्या. कुणी हात लावू नये एवढे पाहा.

या आठवड्यात काय करायचे

आज रात्री पिस्तूल रिकामे करून तिजोरीत ठेवा. उद्या जुने होल्स्टर किंवा पाउच काढा आणि वरची चाप, तोंड आणि पकड यांची परीक्षा घ्या. नापास झाले तर परवा शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे जा आणि येताना पट्टाही आणा. ते येईपर्यंत रोकड न्यायची असेल तर बँकेच्या वेळेत न्या, दोघे-तिघे मिळून जा, पैसे ऑनलाइन पाठवता येत असतील तर पाठवा. खरे सांगायचे तर लग्नाला पिस्तूल लागतच नाही. आहेराचे पाकीट पुरते.

हे आवाहन वाचून झाले की तुमच्या ओळखीच्या एका परवानाधारकाला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘भाऊ, तुमचं पिस्तूल आत्ता कशात आहे?’ उत्तर ‘नाड्यात’ असेल, तर त्याला आजच घरी जाऊन ते उतरवायला सांगा.